विश्रांतीचा आठवडा

गोल्फचा खेळ दुरून पाहणाऱ्यास मोठा निवांत वाटतो. विस्तीर्ण हिरवे मैदान, त्यावर संथ पावलांनी चालणारे खेळाडू. ना धावपळ, ना आरडाओरडा. अशा खेळाने माणूस थकून जातो असे कोणी सांगितले, तर ते सहसा पटत नाही. परंतु जे या खेळावरच उपजीविका करतात, त्यांचा दिनक्रम पाहिला म्हणजे हा समज दूर होतो.

गोल्फच्या मैदानावर अठरा खळगे असतात. प्रत्येक खळगा अवघा 108 मिलिमीटर रुंद असतो. कमीत कमी फटक्यांत चेंडू एकेका खळग्यात पोचवावयाचा, हे या खेळाचे सार होय. अठरा खळग्यांची एक फेरी पुरी करण्यास चार-पाच तास लागतात आणि तेवढ्यात सात-आठ किलोमीटर चाल होते. मोठी स्पर्धा बहुधा गुरुवारी सुरू होऊन रविवारी संपते. चार दिवसांत चार फेऱ्या, म्हणजे एकंदर 72 खळगे खेळावे लागतात. पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू गाळले जातात आणि सामान्यतः त्यांना बक्षिसाचा एक पैसाही मिळत नाही. सोमवारी प्रवास, मंगळवारी सराव, बुधवारी बहुधा स्पर्धेच्या आश्रयदात्यांबरोबर खेळ, आणि रविवारी सायंकाळी पुन्हा पुढच्या गावाची वाट, अशी ही फिरती असते. या फिरतीलाच ‘टूर’ म्हणतात.

या खेळाडूंना पगार नसतो. खेळेल तो मिळवील, असा हा व्यवसाय आहे. म्हणून नवख्या खेळाडूस एक आठवडा सुट्टी घेणे फार जड जाते. घरी बसावे तर कमाई बुडते, आणि थकलेल्या अंगाने खेळावे तर खेळ बिघडतो. थकव्याने खेळ किती बिघडावा? फटका मारताना चेंडूची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर दोनशे मीटर अंतरावर तो सुमारे साडेतीन मीटर बाजूला जातो. हाताच्या सूक्ष्म चुकीचे फळ तेथे एवढे मोठे होते!

या पेचाचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत 1996 साली घडले. टायगर वूड्स हा तेव्हा वीस वर्षांचा तरुण होता. ऑगस्ट महिन्यात त्याने अमेरिकेची हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकली, आणि दोनच दिवसांनी विद्यापीठाचे शिक्षण सोडून तो व्यावसायिक झाला. वर्षाचे थोडेच महिने उरले होते. तेवढ्या अवधीत सात स्पर्धांत खेळण्याची निमंत्रणे त्याला मिळाली होती. या सात संधींत एखादी स्पर्धा जिंकावयाची, किंवा कमाईच्या क्रमवारीत पहिल्या 125 खेळाडूंत स्थान मिळवावयाचे. हे न साधल्यास पुढील वर्षाच्या प्रवेशासाठी कठीण पात्रता परीक्षा द्यावी लागणार होती.

पहिल्या स्पर्धेत तो साठावा आला, दुसऱ्या स्पर्धेत अकरावा, तिसऱ्या स्पर्धेत पाचवा, तर चौथ्या स्पर्धेत तिसरा. प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती. परंतु हौशी स्पर्धा धरून तो सलग पाच आठवडे खेळत होता. पाचवी स्पर्धा जॉर्जिया राज्यात होती. तेथे पोचल्यावर मात्र त्याची शक्ती सरली. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच त्याने माघार घेतली व तो घरी परतला. सातांतील एक संधी त्याने आपण होऊन सोडली.

एवढ्यावर गोष्ट थांबती तर कोणी फारसे बोलले नसते. परंतु त्याच आठवड्यात, त्याच ठिकाणी, त्याच्या सन्मानार्थ एक मेजवानी योजलेली होती. विद्यापीठांतील सर्वोत्कृष्ट गोल्फपटूस दिले जाणारे फ्रेड हॅस्किन्स पारितोषिक तेथे त्याला द्यावयाचे होते. पाहुणे बोलावलेले, तयारी झालेली. आणि सत्कारमूर्तीच निघून गेला! यजमानांना समारंभ पुढे ढकलावा लागला. वडीलधाऱ्या खेळाडूंनी उघडपणे नापसंती दर्शविली. प्रारंभी वूड्सला ही टीका लागली. परंतु शांतपणे विचार करता आपले चुकले, हे त्याने ओळखले. विश्रांती घेण्यात चूक नव्हती, चूक होती ती इतरांना दिलेला शब्द विसरण्यात. त्याने निमंत्रितांना पत्रे पाठवून क्षमा मागितली. पुढे तो समारंभ झाला, तेव्हा तेथे जाऊन त्याने समक्षही दिलगिरी व्यक्त केली.

विश्रांतीनंतरच्याच आठवड्यात लास व्हेगास येथे स्पर्धा होती. ती पाच दिवसांची, म्हणजे 90 खळग्यांची होती. ताजातवाना झालेला वूड्स शेवटच्या दिवशी 64 फटक्यांत फेरी पुरी करून डेव्हिस लव्ह या कसलेल्या खेळाडूच्या बरोबरीस आला. निर्णयासाठी आणखी एक खळगा खेळावा लागला, आणि तो वूड्सने जिंकला. व्यावसायिक म्हणून त्याचे हे पहिले विजेतेपद. पात्रता परीक्षेची टांगती तलवार त्या एका विजयाने दूर झाली. एक संधी सोडून घेतलेल्या आठवड्याने दुसरी संधी सोन्याची केली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे जगातील अग्रगण्य खेळाडू झाल्यावरही वूड्स प्रत्येक स्पर्धेत उतरत नसे. त्याच्या उमेदीच्या काळात तो वर्षाकाठी साधारण वीसच स्पर्धा खेळे. कोणत्या आठवड्यात खेळावयाचे आणि कोणत्या आठवड्यात थांबावयाचे, हे आधी ठरलेले असे. पहिल्या वर्षी त्याला आधी थकवा आला आणि मग विश्रांती घ्यावी लागली; नंतर मात्र विश्रांती योजनेतच बसविलेली असे.

शेतकरी काही काळ जमीन पडीक ठेवतो, ती आळसाने नव्हे. पुढचे पीक जोमाने यावे म्हणून. कष्टाळू माणसाच्या विश्रांतीचेही तसेच आहे. ती योग्य वेळी घ्यावी, आणि आपल्या विश्रांतीसाठी दुसऱ्याचा खोळंबा होणार नाही, एवढे भान राखावे. वीस वर्षांच्या त्या तरुणास एका आठवड्याने या दोन्ही गोष्टी शिकविल्या.