घराचा प्रवास

घर ही स्थावर मिळकत होय, असें कायदा सांगतो. परंतु घरहि कधीं कधीं प्रवासास निघतें. ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न शहराच्या फिट्झरॉय उद्यानांत एक लहानसें इंग्रजी घर आहे. तें असेंच समुद्र ओलांडून आलेलें आहे.

प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याच्या आईबापांचें हें घर. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, ग्रेट एटन नांवाच्या गांवीं तें इ. स. १७५५ मध्यें उभें राहिलें. १९३३ सालीं तें विक्रीस निघालें. घर इंग्लंडबाहेर जाऊं नये, अशी मालकिणीची अट होती. पण 'इंग्लंड' या शब्दाच्या जागीं 'साम्राज्य' हा शब्द घालण्यास तिचें मन वळविण्यांत आलें. स्थानिक बोली ३०० पौंडांच्या वर गेली नव्हती. मेलबोर्नचे उद्योगपति रसेल ग्रिमवेड यांनीं ८०० पौंड मोजले व तेथील शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त तें घर जनतेस अर्पण केलें.

घर उतरविणें निराळें आणि पाडणें निराळें. पाडणारा ढिगारा करतो; उतरविणारा प्रत्येक वस्तूची मूळ जागा टिपून ठेवतो. येथें विटांवर क्रमांक घातले गेले. २५३ पेट्या व ४० पिंपें भरून हें घर 'पोर्ट डनेडिन' जहाजानें हल बंदरांतून निघालें. भिंतीवर चढलेल्या आयव्ही वेलीच्या फांद्याहि सोबत नेल्या. उतरवितांना जें शेवटीं हातीं येतें, तें रचतांना प्रथम बसतें. म्हणून आंकडा चुकला कीं भिंत चुकते. १५ ऑक्टोबर १९३४ रोजीं घर नगराध्यक्षांच्या स्वाधीन झालें. १९७८ सालीं त्याचा पुन्हां जीर्णोद्धार झाला.

तथापि प्रश्न उरतोच : हें तेंच घर काय? कुक स्वतः त्यांत राहिला होता, हें निश्चित नाहीं; घराच्या वर्षींच तो आरमारांत भरती झाला. आंतील सामान त्या काळाला शोभेसें आहे, पण बहुतेक त्या कुटुंबाचें नव्हे. विटा आल्या, गांव व शेजार मागेंच राहिला.

ग्रेट एटनच्या मोकळ्या जागीं आज ग्रॅनाइट दगडाचा स्तंभ आहे. १७७० सालीं कुकच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाचा जो किनारा प्रथम दिसला, तिकडचाच तो दगड. घर नेतां येतें, जागा नेतां येत नाहीं. म्हणून नेणारानें दोन खुणा ठेवाव्या : घर कोठून आलें याची नव्या जागीं, आणि तेथून काय गेलें याची जुन्या जागीं.