नडगीशेजारचं हाड जबड्यात

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निर्जीव दांडा येतो. खरं तर तिथं रात्रंदिवस काम चालू असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही त्याच जागी नवं रचतात. साधारण दहा वर्षांत मोठ्या माणसाचा बहुतेक सांगाडा असा नव्यानं घडतो. या कामाला रक्त लागतं, आणि तोंडाच्या कर्करोगावरच्या उपचारांनंतर जबड्याची जखम का रेंगाळते, हे कळायचं तर या रक्ताचाच माग काढावा लागतो.

वरच्या जबड्याला अनेक वाटांनी रक्त मिळतं. खालच्याची भिस्त मुख्यतः हाडाच्या आतून जाणाऱ्या एका धमनीवर. कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला हे लगेच उमगेल, पाटाच्या शेवटच्या वावराचं पाणी आधी तुटतं. किरणोपचाराच्या शेकांनी कर्करोगाची गाठ मरते, पण बारीक रक्तवाहिन्याही पुढे वर्षानुवर्षं आक्रसत जातात. शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये मांडलं, की अशा हाडात प्राणवायू, रक्तवाहिन्या आणि पेशी या तिन्हींचा तुटवडा होतो. मग एखादी दाढ काढल्याचं निमित्त होतं आणि हिरडी मिटतच नाही. आरशात पाहिलं तर आत पिवळसर, खरखरीत हाड उघडं दिसतं. तीन महिने ते तसंच राहिलं, तर डॉक्टर या दुखण्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. यात रुग्णानं हयगय केली असंच नसतं, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावं.

दुखणं वाढलं, तर माणसाच्या पायातून जबडा घडवतात! नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, शरीराचं फार थोडं वजन पेलतं. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग राखून मधला तुकडा धमनी, शीर आणि कातडीच्या चकतीसह काढतात, कापून जबड्याच्या वळणात बसवतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. धागा केसाहून बारीक. शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी ही पद्धत मांडली. शेक न लागलेलं हे हाड आपलं रक्त सोबत घेऊन येतं, म्हणून जगतं.

पहिले काही दिवस परिचारिका ती चकती सतत न्याहाळतात. निळी पडली तर शीर तुंबली, पांढरी पडली तर धमनी. पण जिथं नवं हाड शेक खाल्लेल्या जुन्याला भिडतं, तो सांधा सावकाश जुळतो. कुठे टाका उसवतो, कुठे भोक पडून मानेवर लाळ झिरपते. मधुमेह आणि तंबाखूनं हे आणखी लांबतं. तांबडा रस्सा दूर राहतो, चमच्याचमच्यानं पातळ पेज चालते. आखडलेलं तोंड उघडायला दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरून रोज व्यायाम करावा लागतो.

या कर्करोगाला निमंत्रण देणाऱ्या गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर मावा मळला जातोच. २००४ साली तोंडाच्या कर्करोगातून गेलेले शरद पवार सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे बोलले आहेत.

जबड्याचं हे दुखणं टाळायचं, तर किडके दात शेकांच्या आधीच काढून जखम भरू द्यावी. आणि शेकांना दहा वर्षं झाली असली, तरी दाढ काढायला बसण्याआधी दाताच्या डॉक्टरांना ते सांगावं आणि जुनी फाइल दाखवावी.