हेलबेंडरचे भवितव्य काठावरच्या झाडांच्या हाती

हेलबेंडर हा पूर्व अमेरिकेतील डोंगराळ ओढ्या-नद्यांत राहणारा, दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर. त्याच्या पूर्वेकडील उपप्रजातीला संकटग्रस्त घोषित करण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने डिसेंबर २०२४मध्ये मांडला. त्याच्या काही आठवडे आधी हेलीन चक्रीवादळाच्या पुराने पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातले त्याचे ओढे खरवडून काढले होते.

या उपप्रजातीचा पट्टा दक्षिण न्यूयॉर्कपासून ॲपलेशियन डोंगररांगांतून जॉर्जिया, अलाबामापर्यंत उतरतो. मिसिसिपी नदीपलीकडे ओझार्कच्या पठारावर, दक्षिण मिसुरी व उत्तर आर्कान्सात दुसरी उपप्रजाती राहते; ती २०११पासूनच संकटग्रस्त यादीत आहे. नकाशावर हा प्रदेश सलग दिसला, तरी वस्ती तुटक आहे. पूर्वेकडे एकेकाळी नोंदवलेल्या ६२६ वसाहतींपैकी सुमारे ३७१च उरल्या आहेत.

या तुटकपणाचे मूळ त्याच्या श्वासात आहे. फुप्फुसे असूनही हेलबेंडर मुख्यतः कातडीतून श्वास घेतो; अंगाच्या दोन्ही बाजूंच्या झालरीसारख्या चुण्या त्यासाठीच असतात. म्हणून त्याला पाणी थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले लागते. धरणामागचे साठलेले, कोमट पाणी त्याला मानवत नाही. दिवसभर तो मोठ्या चपट्या शिळेखाली दडतो, रात्री क्रेफिश शोधायला निघतो. शिळेखालच्या फटी गाळाने बुजल्या की निवारा आणि घरटे दोन्ही जातात. शरदात मादी शिळेखालच्या पोकळीत अंडी घालून निघून जाते. नर मात्र महिनोन्महिने पहारा देतो, अंग डोलवत अंड्यांवर ताजे पाणी खेळवतो.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे बिल हॉपकिन्स आणि सहकाऱ्यांनी अशा घरट्यांवर ८ वर्षे नजर ठेवली. २०२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष हादरवणारा आहे: ओढ्याच्या वरच्या अंगाचे जंगल विरळ झाले, की तिथल्या नरांनी राखणीतली सगळी अंडी स्वतःच खाऊन टाकण्याचे प्रमाण वाढते. हेलबेंडर दीर्घायुषी असल्याने मोठे प्राणी वर्षानुवर्षे दिसत राहतात, ओढा निरोगी वाटतो; पुढची पिढी मात्र येत नाही.

सेंट लुइस प्राणिसंग्रहालयाने २०११ साली ओझार्क हेलबेंडरची बंदिस्त पैदास प्रथमच साधली. वाढवलेली पिल्ले ओढ्यांत सोडण्याचे हे काम मोलाचे आहे. पण संरक्षणाचा पहिला पैसा काठावरचे जंगल राखण्यावर आणि नव्याने लावण्यावरच खर्च व्हायला हवा. त्यावाचून सोडलेली पिल्ले मोठी झाली तरी त्यांची वीण टिकणार नाही.