पंखा पाव फेरा घेतो आणि थांबतो

बटण दाबलं की कॅबिनेटच्या मागचा पंखा पाव फेरा घेतो आणि थांबतो. आत कुठेतरी बारीक ‘टक्’ होतं. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून, थोडं थांबून परत चालू केला, की पुन्हा तोच पाव फेरा, तेच टक्.

साताऱ्यातल्या एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर आम्ही चौघं उभे आहोत. शनिवार, संध्याकाळचे सव्वासात. बाहेर पाऊस आहे आणि खाली रचलेल्या कागदाच्या रिमांचा ओलसर वास जिन्यावरून वर येतोय. या कॉम्प्युटरमध्ये आमचा दिवाळी अंक आहे. अकरा फर्मे, म्हणजे 176 पानं. पहिल्या सात फर्म्यांची प्रत अंकाची जुळणी करणाऱ्या ताईंनी पेनड्राइव्हवर ठेवली आहे. शेवटच्या चार फर्म्यांचं तिसरं प्रूफ परवा आलं, आणि त्यातल्या दुरुस्त्या दोन दिवस बसून त्यांनी याच मशीनवर केल्या. दुपारी दोनदा लाईट गेली आणि आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा ट्यूब नेहमीपेक्षा जास्त पांढरी पेटली होती, असं ताई सांगतात. तेव्हापासून हे असं.

“काकू, लाईट गेली तेव्हा मशीन चालू होतं?” दुरुस्तीवाला मुलगा विचारतो. वय बावीस-तेवीस. पाठीवरची सॅक भिजलीय, पण आतलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडं आहे.

“चालू होतं रे. यूपीएस ओरडला आणि बंदच पडला.”

तो मान हलवतो, पण निकाल देत नाही. मला हे आवडतं. आल्या आल्या ‘बोर्ड गेलाय’ म्हणून मोकळे होणारे मी पाहिलेत.

आधी तो टेस्टरने सॉकेट बघतो. यूपीएस बाजूला काढून केबल थेट भिंतीत लावतो. मग मॉनिटरची केबल काढून कॅबिनेटला लावून पाहतो, दोन्हींचं टोक सारखंच असतं. पाव फेरा, टक्. मागे पॉवर सप्लायवर छोटा लाल स्विच आहे, तो 230 वर आहे ना, हे बोटाने चाचपतो. चुकून तो 115 वर गेला, तर आपल्या घरच्या विजेवर सप्लाय जळून जातो. स्विच जागेवर आहे.

केबल काढून तो बटण दहा-एक सेकंद दाबून धरतो, आत साठलेला करंट उतरावा म्हणून. मग बाजूचा पत्रा उघडतो. धूळ आहे, पण जळल्याचा वास नाही. टॉर्च मी धरलाय. प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर तो एकेक करून पाहतो. त्यांची डोकी सपाट आहेत, फुगलेली नाहीत, पाझरलेली नाहीत. केबल परत लावताच बोर्डावरचा हिरवा दिवा लागतो.

“जीव आहे,” तो म्हणतो.

मल्टिमीटरची काळी टोकणी काळ्या वायरीला, लाल टोकणी जांभळ्या वायरीला. 5.04. मशीन बंद असतानाही सप्लाय हे पाच व्होल्ट देत राहतो, बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते त्याच्यावरच. आता बटणाची पाळी. पुढच्या बटणाची वायर उपटून तो बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवतो. पाव फेरा. म्हणजे बटणही निर्दोष.

“कुठंतरी शॉर्ट आहे. सप्लायला ते कळतंय, म्हणून तो स्वतःला बंद करतोय. त्याला दोष देऊ नका, तो बरोबर वागतोय.”

हे ऐकून ताई पहिल्यांदा स्टुलावर बसतात.

आता जे सुरू होतं ते हळू आहे आणि मला पाहत राहावंसं वाटतं. सीडी ड्राइव्ह सोडवला. केबल काढायची, थांबायचं, लावायची, बटण. पाव फेरा. पुढचे यूएसबी सोडवले. पाव फेरा. कीबोर्ड, माऊस. हार्ड डिस्क सोडवताना त्याचा हात सावकाश होतो. ती तो कुणी न सांगताच टेबलावरच्या कोऱ्या कागदांवर नीट ठेवतो. रॅमच्या पट्ट्याही निघाल्या. तरी पाव फेरा.

मग तो 24 पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून काढतो आणि तारेचा तुकडा वाकवून त्यातली हिरवी वायर काळीला जोडतो. सप्लायचा पंखा फिरायला लागतो आणि फिरतच राहतो. पाहायला आलेला छपाई खात्यातला पोरगा म्हणतो, “मग झालं की!” दुरुस्तीवाला मान नकारार्थी हलवतो. मोकळा सप्लाय फिरला म्हणजे ओझं घेऊन फिरेलच असं नाही. पोरगा सप्लायचं झाकण उघडून बघू म्हणतो, तेव्हा मात्र तो त्याचा हात धरतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, आणि केबल काढली तरी ते काही काळ तसेच राहू शकतात. हे त्याने आवाज न चढवता सांगितलं, पण पोरगा दोन पावलं मागे सरला.

पिशवीतून दुसरा, चालू असल्याची खात्री असलेला सप्लाय निघतो. तो जोडला. पाव फेरा, टक्.

आता एकच जोड उरलाय. प्रोसेसरजवळ चार पिनांचा छोटा चौकोनी कनेक्टर असतो, दोन पिवळ्या वायरी, दोन काळ्या. प्रोसेसरला लागणारी वीज तिथून येते, बारा व्होल्टची. तो काढून बटण दाबतो.

पंखे फिरतात. दोन्ही. फिरतच राहतात.

कुणी बोलत नाही. पत्र्यावरचा पाऊस आणि पंख्यांचा आवाज. ताई हसायला लागतात, पण मुलाचा चेहरा पाहून थांबतात. तो वीज बंद करतो, मल्टिमीटरची टोकणी बोर्डावरच्या त्या चौकोनी खाचेत लावतो, पिवळी आणि काळी. मीटर सलग बीप देतो.

“काकू, बोर्ड गेला.”

प्रोसेसरच्या कडेला काळे चपटे चौकोन आहेत, मॉस्फेट. बारा व्होल्ट तोडून तोडून ते प्रोसेसरला साधारण सव्वा व्होल्ट देतात. सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करणारे स्विचच ते. त्यातला एक उघडायचा बंद झालाय, मिटून बसलाय. एकाच्या कोपऱ्याला चहाच्या डागाएवढा तपकिरी रंग आहे. प्रोसेसरही वाचलाच असेल असं सांगत नाही, म्हणतो.

ताई विचारतात ते एवढंच: “अंक?”

तो हार्ड डिस्कला कन्व्हर्टर लावून ती हिशेबाच्या लॅपटॉपला जोडतो. डिस्क फिरल्याचा बारीक, चढत जाणारा आवाज. माझ्या छातीत धडधडतंय, हे मी लपवत नाही. खिडकी उघडते. फोल्डर. आठ, नऊ, दहा, अकरा. चारही फर्मे आहेत आणि तारीख आजची आहे. ताई पदराने डोळे टिपतात. तो दोन प्रती काढतो, एक लॅपटॉपवर, एक नव्या पेनड्राइव्हवर.

पण पानं इथे उघडणार नाहीत. अंक पेजमेकरमध्ये आहे. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती 2001 साली आली, आणि ताईंचा हात तिच्यावरच बसलाय. फाँटही युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा, त्यात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. खात्रीसाठी तो एका कवितेची मजकूर-फाइल उघडतो. पडद्यावर कंस, टक्क्यांच्या खुणा, उलटसुलट इंग्रजी अक्षरं. वर्षभर जपलेल्या एका कवयित्रीच्या ओळी अशा दिसताना पाहवत नाहीत. फाँटबरोबर एक लॉकही लागतं, मागच्या 25 भोकांच्या प्रिंटर पोर्टात खोचायचं. लॅपटॉपला तसा पोर्ट नाही. या मशीनला आम्ही एवढं का जपतो, ते यासाठीच. नव्या पद्धतीत सगळं आणायला हवं होतं, आणि ते मी दर दिवाळीनंतर पुढे ढकललं, याची मला आज खरंच खंत वाटते.

“शाळेच्या लॅबमधनं काढलेलं एक मशीन आमच्याकडं पडून आहे,” मुलगा म्हणतो. “प्रिंटर पोर्ट आहे त्याला. उद्या दहाला आणतो. पण ही डिस्क त्याला लावून चालू करायची नाही. नवीन विंडोज टाकू, फाँट टाकू, आणि फाइली पेनड्राइव्हवरनं घेऊ. डिस्क तशीच ठेवा.”

तो बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळतो. सुटे स्क्रू ताईंनी दिलेल्या वाटीत जातात. छापखान्याचे अण्णा खालून चहा पाठवतात, तो उभ्यानेच पितो आणि पैशाचं उद्या बघू म्हणून जिना उतरतो.

ताई रिकाम्या कॅबिनेटच्या मागे हात घालतात. लॉक निघून टेबलावर पडलंय हे त्यांना मग आठवतं. काड्यापेटीएवढा तो करडा तुकडा ताई हातरुमालात बांधतात, पर्सच्या आतल्या कप्प्यात घराच्या किल्लीशेजारी ठेवतात आणि चेन दोनदा ओढून पाहतात.