गाडी सोडायची नाही

आज आपण जरा लांबच्या वाटेला जाणार आहोत, पार ऑस्ट्रेलियात. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक आणि जावई तिकडे ॲडलेड शहरात राहतात. मागच्या जुलैत ताई त्यांच्याकडे गेल्या होत्या. तिघांनी भाड्यानं कॅम्पर गाडी घेतली आणि ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत, सुमारे १,५०० किलोमीटर प्रवास केला. परत आल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही त्यांना खोदून खोदून विचारलं. आपल्याही मुली, भाच्या, पुतणे आता परदेशी जातात. म्हणून हे सांगावंसं वाटलं.

आधी कॅम्पर म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या व्हॅनसारखी गाडी. आत झोपायला गादी, छोटी शेगडी, बेसिन, फ्रिज आणि पाण्याची टाकी. दिवसा गाडी, रात्री घर. ताई म्हणाल्या, "ऊसतोडीला जाताना बैलगाडीत संसार भरतात ना, तसंच. फरक एवढाच, की हे हौसेनं."

आता तो मुलूख कसा आहे ते बघू. ऑस्ट्रेलिया आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा, पण माणसं तीन कोटींच्याही आत. म्हणजे आपल्या एकट्या महाराष्ट्राहून कितीतरी कमी. त्यातली बहुतेक समुद्राकाठी राहतात. मधला कोरडा, लाल मातीचा भाग म्हणजे आऊटबॅक. त्यातून स्टुअर्ट हायवे जातो. पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेला डार्विनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर. रस्ता पक्का डांबरी, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. पण ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी या टप्प्यात सुमारे २५० किलोमीटर पेट्रोल पंपच नाही. पुण्याहून कोल्हापूर गाठलं तरी एवढं अंतर भरत नाही. मोबाईलची रेंजही गावाच्या आसपासच. गाव मागे पडलं की फोन मुका.

कूबर पेडीला १९१५ पासून ओपल नावाची रत्नं खणून काढतात. उन्हाळ्यात तिथला पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, म्हणून कितीतरी लोक टेकडीत कोरलेल्या घरांत राहतात. जुलै हा तिकडचा हिवाळा. दिवसा ऊन बरं वाटतं, पण रात्री चांगलीच थंडी पडते.

आता भाड्याच्या गाडीचा करार. आपण गटाचं कर्ज घेताना कागद वाचून सही करतो, तसाच हाही वाचावा लागतो. साध्या कॅम्परला बहुतेक करारात कच्च्या रस्त्यावर मनाई असते. नेली आणि मोडली, तर विमा मिळत नाही, खर्च आपल्या अंगावर. गावाबाहेर रात्री गाडी चालवायलाही बहुतेकदा मनाई असते, कारण दिवस मावळला की कांगारू रस्त्यावर येतात. शिवाय समोरून रोड ट्रेन येतात. एका ट्रकला मागे तीन-चार डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब. त्यांना ओलांडून जायचं तर पुढचा रस्ता बराच लांबपर्यंत मोकळा दिसायला हवा.

आणि इथंच ताईंच्या मंडळींची चूक झाली. कूबर पेडी सोडल्यावर सूर्यास्त बघायला म्हणून जावयांनी गाडी एका कच्च्या रस्त्यावर घातली. दहा-बारा किलोमीटर आत गेल्यावर चाकं वाळूत रुतली. जितकी गाडी रेटावी तितकी आणखी खाली. फोनला रेंज नाही. मुक्कामाच्या ठिकाणी "आज येतो" असं कळवलं होतं, पण या आडवाटेला वळल्याचं कुणालाच माहीत नव्हतं.

जावई म्हणाले, "आई, तुम्ही दोघी थांबा. मी चालत हायवेला जाऊन मदत आणतो."

ताई म्हणाल्या, "जावईबापू, गाडी सोडायची नाही."

लेकीनंही आईचीच बाजू घेतली. ताईंनी पाणी मोजलं. टाकीतलं वेगळं, पिण्याचे कॅन वेगळे. पिण्याचं ३० लिटर होतं. तिकडे माणशी दिवसाला दहा लिटर धरायला सांगतात, म्हणजे तिघांचा एक दिवस. हिवाळा असल्यानं जपून वापरलं तर दोन दिवस निघाले असते.

गाडी का सोडायची नाही? कारण शोधणाऱ्याला गाडी लांबून दिसते, विमानातूनही दिसते. एकटं चालणारं माणूस दिसत नाही. सावली, पाणी, पांघरूण सगळं गाडीत. चालताना घाम जातो, अंधारात वाट चुकते. आऊटबॅकमध्ये गाडी सोडून चालत निघालेली माणसं दगावली आहेत, आणि गाडी नंतर जागच्या जागी सापडली आहे.

ती रात्र त्यांनी गाडीतच काढली. ताई म्हणाल्या, डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दहाच्या सुमारास जवळच्या गुरांच्या फार्मवरचा माणूस पिकअप घेऊन आला. तिकडे अशा फार्मला स्टेशन म्हणतात. त्यानं दोर लावून गाडी ओढून काढली आणि एकच विचारलं, "बीकन नाही घेतला?" बीकन म्हणजे हातात मावेल एवढं यंत्र. बटण दाबलं की उपग्रहामार्फत सुटकेचा संदेश जातो. ते भाड्यानंही मिळतं. यांनी पैसे वाचवायला घेतलं नव्हतं.

अशा मुलखात बायका संसार कसा करत असतील? त्याचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे, रेडिओ! १९२८ मध्ये जॉन फ्लिन या पाद्र्यांनी तिथं विमानानं डॉक्टर पोचवण्याची सेवा सुरू केली. पण डॉक्टरला बोलावणार कसं? आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायानं पेडल मारून वीज तयार होईल असा रेडिओ बनवला. डॉक्टरांचे निरोप झाले, की त्याच रेडिओवर शेकडो किलोमीटर दूरच्या बायका एकमेकींशी बोलायच्या. गाला नावाचा एक गलका करणारा पोपट असतो, त्यावरून या गप्पांना 'गाला सेशन' नाव पडलं. पुढे ॲडलेड मिथ्के या बाईंनी सुचवलं, की याच रेडिओवर मुलांना शिकवता येईल. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला ती हवेवरची शाळा सुरू झाली. ताई ती बघून आल्या.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कुणी तिकडे जाणार असेल, तर एवढं लिहून द्या. पिण्याचं पाणी माणशी रोज दहा लिटर, आणि दोन दिवसांचं जास्तीचं. पंप दिसला की टाकी भरायची. कुठल्या वाटेनं जाणार आणि कधी पोचणार हे कुणाला तरी सांगायचं. वाट बदलली तर रेंज असतानाच तेही कळवायचं. बीकन घ्यायचा. आणि गाडी अडकली, तर ती सोडायची नाही.

ताई पुढच्या बैठकीला फोटो घेऊन येणार आहेत. तुमचे प्रश्न असतील तर केंद्रावर कळवा, आम्ही त्यांना विचारून सांगू. नमस्कार.