‘रिव्हर्ट’ केलं आणि वाट लागली!

पुण्यातल्या नोकरीचा तिसरा महिना. प्रोबेशन चालू. अमेरिकन क्लायंटने नव्या डिझाइनबद्दल चार शंका विचारल्या आणि मी स्टाइलमध्ये मेल ठोकला, ‘विल रिव्हर्ट ऑन द डिझाइन बाय मंडे.’ म्हणजे काय, तर सोमवारपर्यंत उत्तर देतो. त्याने वाचलं, सोमवारपर्यंत जुनं डिझाइन परत आणतो! दोन महिन्यांचं काम पाण्यात, म्हणून त्याने थेट माझ्या बॉसला फोन लावला. घाम फुटला हो मला.

‘रिव्हर्ट’चा साधा अर्थ पहिल्या स्थितीला परत जाणं. ‘उत्तर देणं’ हा अर्थ आपल्याकडच्या ऑफिसांत रुळलाय आणि इथे तो खुशाल चालतो. पण मेल बाहेर जाणार असेल, तर सरळ ‘रिप्लाय’ लिहा. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, तरी परदेशी माणूस त्यावर अडखळू शकतो. आणि ‘टेबल’ तर जाम डेंजर! ब्रिटिश माणूस विषय ‘टेबल’ करतो म्हणजे चर्चेला घेतो, अमेरिकन करतो तेव्हा बाजूला ठेवतो.

मी मराठी शाळेतला. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, आमची एबीसीडी पाचवीत. त्यामुळे असं काही झालं की वाटायचं, आपण जळगावचे ना, म्हणूनच.

मग एका सुट्टीत पुण्याच्या मित्राला घेऊन चोपड्याला काकांकडे गेलो. काका म्हणाले, “यंदा पाच हजार टिश्यू लावले, ड्रिपबी नवी टाकली.” मित्राचा चेहरा बघण्यासारखा! त्याच्यासाठी टिश्यू म्हणजे हात पुसायचा कागद आणि ड्रिप म्हणजे सलाइन. आमच्याकडे टिश्यू म्हणजे टिश्यू कल्चरचं केळीचं रोप. प्रयोगशाळेत वाढवलेली, सगळी एकसारखी रोपं, त्यामुळे घडही साधारण एकाच वेळी कापणीला येतात. डिक्शनरीत ‘टिश्यू’ म्हणजे पेशींचा समूह, ऊतीही. म्हणजे काकांचा अर्थही डिक्शनरीच्या जवळचाच!

धुळ्याचे मामा तर रजेच्या अर्जात कायम ‘आउट ऑफ स्टेशन’ लिहायचे. ते स्टेशन रेल्वेचं नव्हे बरं का. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचं ठिकाण म्हणजे स्टेशन, आणि धुळं होतं खान्देश जिल्ह्याचं मुख्यालय. साहेब गेला, अर्ज राहिला.

मित्राने भीत भीत काकांना पुण्यातला टिश्यू समजावून सांगितला. काका बघतच राहिले.

“तुम्हना हापिसमा टिश्यूघाई तोंड पुसतस का रे भो?”