विणाई खात्यात अर्थशास्त्रज्ञ

तारापूर म्हटलं की आपल्याला अणुवीज केंद्र आठवतं. जगभरच्या विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना मात्र हे नाव कापडामुळे माहीत आहे. २००८ च्या सुमारास तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतलं उंबरगाव या दोन औद्योगिक वसाहतींतल्या कापड कारखान्यांवर एक प्रयोग झाला. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच जणांनी तो केला आणि २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. परकीय गुंतवणूक, उद्योगधोरण, नवनिर्मिती या विषयांवर आपल्याकडे जेवढं बोललं जातं, त्यातलं बरंचसं या एका प्रयोगापुढे पोकळ वाटायला लागतं.

प्रश्न जुना आहे. तीच यंत्रं, तेच सूत, तोच बाजार, तरी एका कारखान्यातून दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त माल कसा निघतो? अमेरिकेत एकाच धंद्यातले वरचे आणि खालचे कारखाने घेतले, तर तेवढ्याच सामग्रीत वरचा कारखाना जवळपास दुप्पट उत्पादन काढतो. चांग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो यांनी २००९ मध्ये भारत आणि चीनची आकडेवारी तपासली, तेव्हा हीच दरी पाचपटीच्या पुढे गेलेली दिसली. यामागे मालकाचं कसब असावं, असं अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस वॉकरने १८८७ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण सिद्ध कसं करायचं? चांगला चाललेला कारखाना चांगल्या व्यवस्थापनामुळे चालतो, की धंदा बरा चाललाय म्हणून मालकाला व्यवस्थापनाची चैन परवडते?

त्यावर या पाच जणांनी औषधाच्या चाचणीची रीत वापरली. शंभर ते हजार कामगारांचे ६६ कापड उद्योग निवडले आणि फुकट सल्ला देऊ केला. त्यातल्या १७ कंपन्या तयार झाल्या. फुकटाला नको म्हणणारे ४९ निघाले, हा प्रयोगाचा पहिला निष्कर्ष म्हणायला हरकत नाही. तयार झालेल्या कारखान्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. सगळ्यांची महिनाभर तपासणी झाली, पण पुढचे चार महिने सल्लागार प्रत्यक्ष शेडमध्ये उभे राहिले ते फक्त काही ठरावीक कारखान्यांत. सल्लागार एका आंतरराष्ट्रीय कंपनीचे होते. बाजारभावाने एका कारखान्यामागे या कामाचे अडीच लाख डॉलर झाले असते.

आत काय दिसलं? हे काही पडवीतले चार माग नव्हते. सरासरी पावणेतीनशे माणसं आणि वर्षाची उलाढाल सुमारे ७५ लाख डॉलर असलेले हे उद्योग होते. तरीही मागांच्या मधल्या वाटेवर कचरा, तेलाचे ओघळ आणि तुटकी अवजारं पडलेली. सुताची पोती आणि बॉक्स महिनोन् महिने साठलेले. कुठल्या काउंटचं, कुठल्या रंगाचं सूत कुठे आहे याची चिठ्ठी नाही. खालचं सूत दबतंय, दमट हवेने खराब होतंय, आणि तेच सूत पुन्हा विकत घेतलं जातंय. माग बंद पडला की फिटर धावणार. तो बंद पडू नये म्हणून वेळापत्रक लावून देखभाल करायची, ही कल्पनाच नाही. सुटे भाग एका खोलीत ढिगाने. दोषांची नोंद झालीच, तर गिऱ्हाइकाने तक्रार केल्यावर.

सगळ्यात बोलका आकडा मेंडिंगचा आहे. विणून झालेलं कापड टेबलावर पसरून डोळ्यांनी तपासायचं, सुटलेले धागे, गाठी, डाग हातांनी दुरुस्त करायचे. कारखान्यातलं जवळपास एक पंचमांश मनुष्यबळ या एकाच कामात अडकलं होतं. म्हणजे आधी चुकीचं विणायचं, मग पगार देऊन ते सुधारायचं, आणि चूक कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत झाली हे कुणी लिहायचंच नाही.

सल्लागारांनी ३८ सवयींची यादी केली. त्यात यंत्रमानव नव्हते, महागडं सॉफ्टवेअरही नव्हतं. रोज दोषांची नोंद करा, कुठल्या प्रकारचा दोष वाढतोय ते पाहा, सुपरवायझर आणि मॅनेजरने रोज भेटून बोलावं, सुताला चिठ्ठी लावा, देखभालीचा तक्ता भिंतीवर टांगा, आदल्या दिवशीची कार्यक्षमता कामगारांना दिसेल अशी लिहा. सुरुवातीला यातल्या जेमतेम चौथा हिस्सा गोष्टी कारखान्यांत होत होत्या. वर्षभरात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष चाळीस टक्क्यांहून जास्त घटले, साठा कमी झाला आणि उत्पादन वाढलं. एका कारखान्याचा वर्षाचा फायदा संशोधकांच्या हिशेबाने तीन लाख डॉलरच्या वर गेला. बाजारभावाने सल्ला विकत घेतला असता, तरी तो वर्षात वसूल झाला असता.

मग हे आधीच का केलं नव्हतं? मालकांनी दिलेली उत्तरं संशोधकांनी काळजीपूर्वक नोंदवली आहेत. काही गोष्टी त्यांना ठाऊकच नव्हत्या. ज्या ठाऊक होत्या, त्यातून पैसा सुटेल असं वाटत नव्हतं. शेजारच्या कारखान्यांत जो दर्जा आहे तोच आपलाही आहे, मग बिघडलंय कुठे, हा त्यांचा सवाल. आपल्याकडच्या कुठल्याही वसाहतीत चहाच्या टपरीवर हे वाक्य ऐकायला मिळेल.

पण अभ्यासातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वेगळंच आहे. एखादा उद्योग किती मोठा होईल हे व्यवस्थापन किती चांगलं आहे यापेक्षा मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत यावरून जास्त नेमकं सांगता येत होतं. तीन भाऊ असतील तर तीन शेड होतील. चौथी शेड काढायची तर बाहेरचा माणूस नेमावा लागेल, आणि बाहेरचा माणूस सूत चोरेल ही धास्ती. चोरी झाली तरी कोर्टकचेरीतून लवकर काही हाती लागणार नाही, ही खात्रीही त्यामागे आहे. म्हणून मालक स्वतः शेडमध्ये फेऱ्या मारत राहतो. मुली-सुनांचा विचार तर या हिशेबात येतच नाही. कायद्याचा संथपणा आणि घरातली पुरुषप्रधानता यांची किंमत मीटर कापडात मोजता येते, हे इतकं उघडपणे इतरत्र क्वचितच दिसलं आहे.

इथून परकीय गुंतवणुकीकडे येऊ. ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांनी अनेक देशांतल्या कारखान्यांच्या व्यवस्थापनाला गुण दिले, तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्या जवळपास सगळीकडे वरच्या रांगेत आल्या. परकीय कंपनी पैशांबरोबर काम करायची रीतही घेऊन येते. सरकारं तिला सवलती देतात, त्यामागे ही रीत आसपास झिरपेल ही आशा असते.

ती झिरपते का? ब्रायन एटकेन आणि ॲन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलातल्या १९७६ ते १९८९ या काळातल्या कारखान्यांचा माग काढला. ज्या धंद्यात परकीय मालकी वाढली, त्याच धंद्यातल्या स्थानिक कारखान्यांची उत्पादकता उलट घसरली, कारण त्यांची गिऱ्हाइकं गेली. उलट बेआटा यावोर्चिक यांना २००४ च्या अभ्यासात लिथुआनियामध्ये फायदा दिसला, पण तो पुरवठादारांना. मोठ्या कंपनीने सुटे भाग घेताना दर्जा आणि वेळेचा आग्रह धरला की छोट्यांना सुधारावंच लागतं. हा फायदाही स्थानिक भागीदार असलेल्या प्रकल्पांत दिसला, संपूर्ण परकीय मालकीच्या प्रकल्पांत नाही. मारुतीची गोष्ट जाणणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. १९८२ च्या करारात सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे होते. त्यातून गुडगावभोवती पुरवठादार उभे राहिले.

२०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्या तिघांतले फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांनी सहकाऱ्यांसोबत ब्रिटनची आकडेवारी तपासून २००९ मध्ये दाखवलं, की परकीय कंपनी बाजारात उतरली की स्थानिकांचे दोन तट पडतात. जे तंत्रज्ञानात आघाडीच्या जवळ आहेत ते चवताळून नवं काही करतात. जे फार मागे आहेत ते हातपाय गाळतात.

पुण्याला हे पाठ्यपुस्तकात वाचायची गरज नाही. बजाजला इटलीच्या पियाजिओचा परवाना होता. १९७१ मध्ये तो संपला, आणि १९७२ पासून तेच तंत्र घेऊन चेतक निघाली. दारं बंद, स्पर्धा नाही, स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. यादी एवढी लांब असताना नवं मॉडेल काढायची घाई कुणाला असेल? १९८४ मध्ये हिरो होंडा स्थापन झाली, पाठोपाठ जपानी भागीदारीच्या मोटरसायकली आल्या, आणि स्कूटरचा बाजार ओसरत गेला. २००१ मध्ये बजाजने पल्सर आणली, ती कुणाच्या परवान्यावर बनलेली नव्हती. पुढे दोन स्पार्क प्लगच्या तंत्रावर कंपनीने पेटंट घेतलं आणि त्यावरून टीव्हीएसशी कोर्टात भांडलीही. परवान्यावर स्कूटर बनवणाऱ्या कंपनीने पेटंटसाठी भांडावं, ही मला मोठी मजल वाटते. त्याच लाटेत म्हैसूरची मोटरसायकल कंपनी आयडियल जावा मात्र १९९६ मध्ये बंद पडली. एका कंपनीवरून सिद्धांत ठरत नाही हे खरं, पण आगियों यांच्या दोन्ही तटांचे मासले आपल्याच रस्त्यांवर धावून गेलेत.

आता आकडे. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या थेट परकीय भांडवलापैकी ३९ टक्के महाराष्ट्राच्या नावावर आहे. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, हा आकडा फलकावर झळकतो. त्यात मुंबईतल्या पत्त्यांचा वाटा किती, सिंगापूर आणि मॉरिशसमार्गे फिरून आलेला पैसा किती, आणि नवीन शेडचा पाया भरायला गेलेला किती, याची फोड फलकावर नसते. संशोधनावरचा देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळलेला आहे आणि त्यात खासगी उद्योगांचा हिस्सा निम्म्याहूनही कमी. पैसा येतोय, पण तो शेजारच्या शेडला काही शिकवतोय का, हे मोजायची पद्धत नाही.

सवलतींची रचनाही यंत्राच्या पावतीभोवती फिरते. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. तालुक्यांचे गट पाडायचे, जमीन, इमारत, यंत्रं यांत किती गुंतवले ते पाहायचं, त्यावर सवलत. कापडासाठी केंद्राने १९९९ मध्ये आणलेली ‘टफ’ योजना नव्या मागाच्या कर्जावरचं पाच टक्के व्याज परत करायची. माग नवा आला. तो का बंद पडतो हे लिहून ठेवणाऱ्यासाठी कुणी छदाम दिला नाही.

संशोधक २०१७ मध्ये पुन्हा तारापूरला गेले. शिकवलेल्या सवयींपैकी निम्म्याच्या आसपास सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ मिळेना, ही दोन मुख्य कारणं. पण शिकलेल्या आणि न शिकलेल्या कारखान्यांतलं अंतर अजून टिकून होतं. मालकाने त्या सवयी स्वतःच्या दुसऱ्या शेडमध्ये नेल्या होत्या. दुसऱ्या मालकाच्या शेडमध्ये मात्र त्या फारशा पोहोचल्या नव्हत्या. एका मालकाच्या दोन शेडमध्ये ज्ञान सहज जातं, दोन मालकांमधली भिंत ओलांडायला नऊ वर्षंही पुरली नाहीत. परकीय कंपनीचा वारा आपोआप गावभर पसरेल, असं धरून चालणाऱ्यांनी हे वाचावं.

ही भिंत मुद्दाम ओलांडायला लावता येते का, हे मॅकेन्झी यांनी दोन सहकाऱ्यांसह कोलंबियात पाहिलं. तिथे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्यांपैकी काहींना स्वतंत्र सल्लागार दिले, तर काहींना लहान गटांत एकत्र बसवून सल्ला दिला. गटाचा खर्च सुमारे एक तृतीयांश, आणि व्यवस्थापनातली सुधारणा जवळपास तेवढीच. याच धर्तीची योजना आपल्याकडे कागदावर आहे. लघुउद्योगांसाठीच्या ‘लीन’ योजनेत २००९ पासून काही उद्योगांचा गट करून सल्लागाराच्या फीचा ८० टक्के भार केंद्र उचलत असे, आणि २०२३ च्या नव्या रूपात तो ९० टक्के झाला. भोसरी, चाकण, इचलकरंजीतल्या उद्योजकांच्या बैठकीत वीजदर आणि जमिनीच्या भावावर तास जातो. सरकारच्या खर्चाने सल्लागार बोलावता येतो, हा विषय तिथे निघाला तर पहिली हरकत बहुधा हीच येईल: शेजारच्याला माझ्या शेडमध्ये काय चालतं ते का दाखवू?